सलाईनवरची बाग

सिस्टर कोणाच्याही घरी गेल्या तरी आधी माणसांशी बोलत नसत. फाटक उघडून आत येत, अंगणातल्या पहिल्या कुंडीपाशी वाकत आणि उजव्या हाताचं बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसत. ते बाहेर काढून अंगठ्यावर घासून पाहत आणि मग दारात आलेल्या घरच्या बाईला म्हणत, "पोट भरलं हाये याचं. उगाच कायले पाजून राह्यल्या?"

ती बिचारी गडबडून जायची. चहा ठेवायला आत वळावं, की कुंडीची बाजू घेऊन भांडावं, तिला समजत नसे. सिस्टर तोवर दुसऱ्या कुंडीपाशी पोचलेल्या असत.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या बाहेर, वाशीम रोडला लागून आमचं बारा घरांचं लेआऊट आहे. शेत मोडून प्लॉट पाडले, त्याला आम्ही ऐटीत कॉलनी म्हणतो. समोरासमोर सहा-सहा घरं, मध्ये मुरमाचा रस्ता, टोकाला कडुनिंब आणि त्याच्याजवळ सगळ्यांची मिळून एक बोअर नि एक टाकी. सिस्टरांचं घर बरोब्बर माझ्या समोर. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता मुलगा पुण्याला नोकरीत, त्यामुळे घरात त्या एकट्या. त्यांचं खरं नाव कॉलनीत कोणी घेत नसे. मी ते पहिल्यांदा वाचलं दवाखान्यात केसपेपर काढताना, पण त्याला अजून अवकाश आहे.

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेलच. ते रस्त्यानं येताना दिसलं की आपण काही केलेलं नसताना उगाच नळ नीट बंद आहे ना, ते पाहून येतो.

त्यांची बाग मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा चक्क दचकलो होतो. घराच्या पुढच्या मोकळ्या जागेत चाळीसेक झाडं. प्रत्येक झाडाशेजारी बांबूची काठी, काठीला उलटी टांगलेली सलाईनची बाटली आणि तिची नळी थेट झाडाच्या बुडाशी. वरून मगानं पाणी ओतता यावं म्हणून बाटलीचा तळ कापलेला. नळीवरचं चाक फिरवून थेंब कमी-जास्त करायचे. लिंबू, कढीपत्ता, मोगरा, जास्वंद, वांगी, टमाटे, सगळे ओळीनं सलाईनवर. ऊन मातीला लागू नये म्हणून बुडाशी सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, जाड पसरलेलं. त्याला त्या चादर म्हणत.

"हा मोगरा नवा भरती झाला," त्यांनी मला राउंडला नेल्यासारखं फिरवलं. "हे जास्वंद सिरीयस हाये, याले मिनटाले वीस थेंब. आन हा शेवगा, याले परवा डिस्चार्ज देल्ला. मुळं खाली गेली त्याची. आता त्याचं तो पाहीन."

प्रत्येक काठीवर प्लास्टिकच्या पिशवीत एक जाड कार्ड लटकत असे. खाटेच्या पायथ्याशी पेशंटचं असतं, तसंच. तारीख, वेळ, किती पाणी, आणि खाली सहीचा एक फराटा. मी हसलो, तेव्हा त्या हसल्या नाहीत.

"मास्तर, आमच्यात एक कायदा असते. लिवलं नाई, म्हनजे देल्लं नाई. मी नवी होती तवाची गोष्ट. एका पोरीनं पेशंटले सुई देल्ली आन लिवाचं राहून गेलं. तिची ड्यूटी संपली. दुसरी आली, तिनं कार्ड पाह्यलं, कोरं. तिनं बी देल्ली."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय," सिस्टर म्हणाल्या आणि मोगऱ्याचं चाक उगाच थोडं फिरवलं. "तवापासून मी आधी लिवते, मंग हात धुते."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे आणि स्वभावानं भित्रा आहे. घर बांधलं तेव्हा मात्र एक धाडस केलं, पुढच्या अंगणात लॉन लावली. वाशीमच्या नर्सरीतून गवताच्या चटया आणून अंथरल्या. सकाळी दहा वाजता पाईप घेऊन मी तिच्यावर पाणी उडवत उभा राहायचो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं पाहावं अशी माझी इच्छा असायची. चौथ्या दिवशी सिस्टर कंपाऊंडपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"मास्तर, गाय आनली का?"

"नाही."

"म्हैस?"

"नाही हो सिस्टर."

"मंग हे चरनार कोन?"

बायको दारात तोंडाला पदर लावून हसत होती. सिस्टर आत आल्या, पाईप माझ्या हातातून घेतला, नळ बंद केला. "दहा वाजताचं पानी उन्हाले जाते, गवताले नाई. आता तीन दिवस हात लावू नका. चौथ्या दिवशी गवतावर पाय देऊन पाहा. पाती उठून उभी राह्यली, तर त्याले तहान नाई. पायाचा ठसा तसाच राह्यला, तर पाजा. थे बी सूर्य उगवाच्या आत."

मी चेष्टेनं करून पाहिलं. पाती चौथ्या दिवशी उठली, पाचव्या दिवशी उठली, सहाव्या दिवशीही उठली. इतके दिवस मी ओतलेलं पाणी कुठे गेलं, याची मला लाज वाटली. पुढच्या वर्षी लॉन काढून टाकली. एका खाटेएवढा तुकडा ठेवला, तो निव्वळ हट्टानं.

आमच्या भागातला उन्हाळा बाहेरच्याला सांगून कळायचा नाही. ऊन सोसतं, सवयीचं असतं. भीती वाटते ती बोअरच्या आवाजाची. मार्चपर्यंत मोटर तासभर एका सुरात चालते. एप्रिलमध्ये ती मध्येच खोकायला लागते, पाईपातून पाण्याऐवजी हवा येते, आणि तो भसभस आवाज झाला की बाराही घरांतली माणसं हातातलं काम सोडून गप्प होतात. नगरपंचायतीचा नळ आठवड्यातून एकदा. टँकर येईल तेव्हा येईल.

मी सांगतोय त्या वर्षी मोटर मार्चअखेरच खोकली. कडुनिंबाखाली मीटिंग झाली. सिस्टर उभ्या राहिल्या आणि त्यांनी ठराव मांडला नाही, सांगूनच टाकलं. "टाकीचं पानी पेन्याले, रांधन्याले, आंघोळीले. बागंले सांडपानी. तांदूळ धुतल्याचं, भाजी धुतल्याचं, जे निंगन थे. त्यानं नाई भागलं आन माह्याकडे पिंपात नळ सोडला, तर दिवसातून एकदाच, आन थे बी मापानं. कोनी जास्त घेतलं तर त्याची लाईन आठ दिवस बंद. मी घेतलं तर माही बी."

सगळ्यांनी माना हलवल्या. सिस्टरांसमोर दुसरं काय करणार.

त्यानंतर साधारण महिनाभरानं, एका सकाळी त्या माझ्या ओट्यावर आल्या. कुंडीत बोट घातलं नाही. इकडे-तिकडे पाहून खालच्या आवाजात म्हणाल्या, "मास्तर, कोनीतरी येते माह्या बागेत."

"चोर?"

"चोरानं नेलं असतं. हा देऊन जाते. माह्या झाडायले पानी देऊन जाते."

मला हसू फुटलं. आमच्या जिल्ह्यात, एप्रिल महिन्यात, गुपचूप येऊन दुसऱ्याच्या झाडाला पाणी घालणारा चोर! पण सिस्टरांचा चेहरा पाहून हसू विरलं. त्या खरोखर घाबरलेल्या होत्या. मी त्यांच्याबरोबर गेलो. लिंबाखालची चादर बाजूला करून त्यांनी माझंच बोट मातीत घातलं. चिखल होता, लगदा. लिंबाची पानं पिवळी पडून गळायला लागली होती.

"पाहा कार्ड. कोरं हाये. मी देल्लं नाई. मंग हे कोनी देल्लं? मुळं सडून राह्यली माह्या पेशंटची."

मी कंपाऊंडच्या कडेकडेनं फिरून पाहिलं. भिंतीवर चढल्याची खूण नव्हती. ओल्या मातीत चपलांचे ठसे होते, पण ते सिस्टरांच्याच चपलांचे. मी तसं त्यांना सांगितलंही. आम्ही दोघं त्या ठशांकडे पाहत उभे होतो आणि आम्हा दोघांनाही काही सुचलं नाही.

"फाटकाला कुलूप लावत जा," एवढंच मी म्हणालो. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून दोन कुलपं लावली. माती ओलीच राहिली.

इकडे टाकी सकाळी आठलाच रिकामी व्हायला लागली. टाकीपासून लांबच्या घरांतल्या बायकांना आंघोळीला पाणी पुरेना. कॉलनीत कुजबुज सुरू झाली आणि ती फिरून माझ्याच दाराशी आली, कारण मालेगावात कृषी केंद्र चालवणारे आमचे शेजारी एका सकाळी फाटकाशी गाडी थांबवून मोठ्यानं म्हणाले, "मास्तर, तुमची लॉन लय हिरवी दिसून राह्यली."

"खाटेएवढी आहे हो ती!"

"खाटेएवढी का असंना, हिरवी हाये ना?"

भांडण झालं. मला भांडता येत नाही, आवाज चिरकतो. घरात आल्यावर मी ठरवलं, पाणी कुठे जातं ते पाहायचंच. शाळा सकाळची असल्यानं एरवी ते जमलं नसतं, पण तो रविवार होता. दुसऱ्या सकाळपासून सुट्टी लागणार होती. सोमवारी पहाटे उजाडताच मी ओट्यावर पेपर उघडून बसलो.

सहाला सिस्टर बाहेर आल्या. बागेतल्या पिंपात टाकीचा नळ सोडला. मग भरून एकेक बाटली भरली, चाकं लावली, मनगटावरच्या घड्याळात पाहून थेंब मोजले. लिंबापासून लिहायला सुरुवात करणार, पेन हातात होतं, इतक्यात दूधवाल्यानं हाक मारली. त्यांनी पेन अंबाड्यात खोचलं, दूध घेतलं, आत गेल्या. पिंपाचा नळ चालूच होता.

अर्ध्या तासानं त्या पुन्हा बाहेर आल्या. लिंबाचं कार्ड वाचलं. जीभ टाळ्याला लावून च्च केलं, उशीर झाला की माणूस करतं तसं. पिंपात मग बुडवला. पहिल्या बाटलीपासून पुन्हा सगळ्या बाटल्या भरल्या.

मी पेपर खाली ठेवला. उठून जावं, हाक मारावी, असं वाटत होतं, पण मी बसूनच राहिलो. पावणेआठला त्या तिसऱ्यांदा आल्या. चेहरा अगदी ताजा होता, नुकत्याच उठल्यासारखा. कार्ड वाचलं. च्च केलं. ओसंडलेल्या पिंपाचं पाणी कंपाऊंडखालच्या मोरीतून मागच्या रिकाम्या प्लॉटमध्ये जात होतं, तिथे तरोटा आणि गवत गुडघाभर वाढलं होतं. तिकडे कोणी कधी पाहिलंच नव्हतं. टाकी संपून नळातून भसभस आवाज आला तेव्हा सिस्टरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पाह्यलं मास्तर? आज बी कोनीतरी पाजलं. कोन असंन हो थो?"

मी म्हणालो, "पाहू. सापडेल."

हे मी का बोललो, माहीत नाही. मला त्यांची भीती वाटली. त्यांना खरं सांगितलं तर त्यांचं तोंड कसं होईल, त्याची तर फारच.

बायकोला सांगितलं. मुलाला कळवायला हवं, असं दोघांनाही वाटत होतं. पण मुलगा येईल, त्यांना घेऊन जाईल, घराला कुलूप लागेल, हे आम्हाला दिसत होतं, म्हणून आज करू, उद्या करू असं चाललं. त्याऐवजी मी एक युक्ती काढली. मास्तरला सुचावी तशीच. सिस्टर दूध घेऊन आत गेल्या की मी हळूच जायचो. फाटकाची कुलपं दूधवाल्यासाठी त्यांनी काढलेली असत. आधी पिंपाचा नळ बंद करायचा. मग चाळीस कार्डांवर पटापट तारीख, वेळ, पाणी, आणि खाली त्यांच्यासारखाच फराटा.

युक्ती लागू पडली. सिस्टर बाहेर यायच्या, कार्ड वाचायच्या, समाधानानं मान हलवायच्या आणि आत जायच्या. टाकी दहापर्यंत पुरायला लागली. लिंबाला नवी पालवी आली. सिस्टर मला म्हणाल्या, "थो यायचा बंद झाला मास्तर. भेला वाटते कुलपाले." कृषी केंद्रवाल्यांनीही गाडीवरून हात केला. दोन आठवडे मी स्वतःवर खूश होतो. इतकं मोठं गणित आपण कोणालाही न दुखावता सोडवलं, असं वाटायचं.

मे महिन्यातली ती सकाळ. नऊ वाजले असतील. बायको भाकरी थापत होती, मी पाटावर बसलो होतो. सिस्टरांचाच विषय होता. थापता थापता तिचा हात थांबला.

"अहो, सिस्टरले शुगर हाये ना?"

"हो. रोज सकाळी स्वतःच इन्सुलिनचं इंजेक्शन घेतात."

"मंग थे लिवलं का नाई, हे कोन पाह्यते?"

भाकरी तव्यावर तशीच राहिली. मी अनवाणी धावलो. मुरूम तापलेला होता, पण ते नंतर तळव्यांना फोड आले तेव्हा समजलं. मी चाळीस झाडांची कार्डं भरत होतो आणि घरात एक एकेचाळिसावं कार्ड असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

ते स्वयंपाकघराच्या दाराला टांगलेलं होतं. त्या दिवसाची ओळ कोरी. ओट्यावर ताटलीत वापरलेल्या तीन सुया. सिस्टर फरशीवर पिंपाला, आतल्या पाण्याच्या पिंपाला, टेकून बसल्या होत्या. अंगावरचं पातळ घामानं ओलंचिंब, हात थरथरत होते, आणि डोळे उघडे असून मला ओळखत नव्हते.

"साखर!" मी ओरडलो. मागोमाग धावत आलेली बायको डबे पाडत साखर शोधत होती. पाण्यात कालवून चमच्या-चमच्यानं तिनं ती त्यांच्या तोंडात घातली. त्या गिळत होत्या, हीच देवाची कृपा. कृषी केंद्रवाल्यांनी गाडी काढली. दवाखान्यात केसपेपर काढताना नाव विचारलं तेव्हा मला सांगता येईना. "सिस्टर" म्हणालो. काउंटरवरच्या माणसानं वर पाहिलं. मग त्यांच्या पिशवीतलं आधारकार्ड सापडलं.

संध्याकाळी त्या माणसात आल्या. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी सलाईनच्या बाटलीकडे पाहिलं, थेंब मोजले आणि तिथल्या तरुण नर्सला म्हणाल्या, "जरा कमी कर माय." आम्ही सगळे हसलो. मला रडू आलं.

दोन दिवसांनी घरी आणलं. मुलाला मी फोन केला होता. त्याला रजा मिळून निघायला आठ-दहा दिवस लागणार होते. सिस्टर खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "कार्डं आना."

"कोणती?"

"सगळी."

मी चाळीसही काढून आणली. त्यांनी चष्मा लावला. एक पाहिलं, दुसरं पाहिलं, दहावं पाहिलं. मग एका कार्डावर बोट ठेवलं. "हे सहा माह्या हातचे नाईत. एवढे गोल सहा मास्तरच काढते."

मी मान खाली घातली.

"कवापासून लिवून राह्यले?"

"वीस-बावीस दिवस झाले."

त्यांनी कार्डं जुळवून मांडीवर ठेवली. बाहेर लिंबाकडे पाहिलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "म्हनजे येनारी मीच व्हती."

मला वाटलं होतं त्या रागावतील. तसं झालं असतं तर बरं होतं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "मास्तर, चोराचं एवढं भेव नव्हतं वाटत. आता मले या हाताचं भेव वाटून राह्यलं." आणि स्वतःचा उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला. इतक्या वर्षांत किती सुया दिल्या असतील त्या हातानं, किती बाळंतपणं केली असतील. त्याला त्या परक्या माणसाकडे पाहावं तशा पाहत होत्या.

मुलगा येईपर्यंत सुई कोणी द्यायची, हा प्रश्न होता. बायकोनं कानांवर हात ठेवले. सिस्टर म्हणाल्या, "मास्तर देईन. याचा खडू फळ्यावर सरळ चालते, सुई बी चालंन." मला सुई पाहूनच घेरी येते, हे मी सांगून पाहिलं. "डोळे मिटू नका म्हनजे झालं," त्या म्हणाल्या. किती युनिट ओढायचे, हवेचा बुडबुडा कसा काढायचा, दंडाची चिमटी कशी धरायची, सगळं त्यांनी शिकवलं. पहिल्या दिवशी मी डोळे मिटले नाहीत, एवढंच.

रोज साडेसहाला मी जायचो. आधी बाग. बाटल्या मीच भरायचो, त्या शेजारी खुर्ची टाकून बसायच्या आणि माझ्या चुका काढायच्या. "वांग्याले एवढं कायले? त्याले वाफसा पायजे, चिखल नाई." मग आत जाऊन सुई. मी दंडावर कापूस दाबून धरायचो तेव्हा त्या डोळे मिटून घेत.

पाचव्या का सहाव्या दिवशी मी कापूस दाबला, टाकून दिला, सुई ठेवली आणि लिहायला कार्डाकडे वळलो. मागून त्या म्हणाल्या, "चला मास्तर, द्या ना लवकर. उशीर झाला."

वळून पाहिलं तर त्यांनी बाही वर करून दंड पुढे केला होता.

"दिलं सिस्टर. आत्ताच दिलं."

त्यांनी दंडाकडे पाहिलं. टोचल्याचा लहानसा लाल ठिपका तिथे होता. त्या ठिपक्याकडे आणि मग माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी विसरू शकत नाही. त्यांना समजत होतं. सगळं नर्सिंग अजून शाबूत होतं त्यांच्या डोक्यात, त्यामुळे आपल्याला काय होतंय आणि पुढे काय होणार, हे त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त समजत होतं.

"तुमी देल्लं म्हनता, म्हनजे देल्लं," त्यांनी बाही खाली केली. "मले तुमच्यावर इस्वास हाये. माह्यावर नाई."

मुलगा आला. चांगला मुलगा आहे, आईचा हात सोडत नव्हता. जाताना सिस्टरांनी घराची किल्ली माझ्या बायकोकडे दिली आणि मला म्हणाल्या, "लिंबाले मापानं देजा. घाबरून जास्त देसान." गाडी वाशीम रोडला लागेपर्यंत कॉलनीतली सगळी माणसं कडुनिंबाखाली उभी होती.

पुण्याला गेल्यावर दुसऱ्याच दिवशी, पावणेसातला, मी त्यांच्या बागेत मग भरत असताना फोन वाजला.

"मास्तर, मले सुई देल्ली का आज?"

मी शेकडो मैल लांब उभा होतो. दिली म्हणालो आणि दिलेली नसली तर? नाही म्हणालो आणि दिलेली असली तर? "सूनबाईंना विचारलं का?"

"थे म्हनते देल्ली. पन मले नाई समजत, खरं का खोटं. तुमी सांगा."

मी फोन सूनबाईंकडे द्यायला सांगितला. सहालाच दिलं, त्या म्हणाल्या. मग मी सिस्टरांना म्हणालो, "देल्ली सिस्टर, देल्ली." पलीकडे सुस्कारा ऐकू आला. "बरं झालं. आता चहा पेते," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून तेच ठरून गेलं. सूनबाई सहाला इंजेक्शन देत आणि मला मोबाईलवर एका शब्दाचा निरोप पाठवत. पावणेसातला सिस्टरांचा फोन येई आणि मी सांगे. एकदा निरोप यायच्या आधीच फोन आला. मी त्यांना कढीपत्त्याबद्दल, टमाट्यावर पडलेल्या किडीबद्दल, शेवग्याला लागलेल्या शेंगांबद्दल बोलतं ठेवलं. निरोप येईपर्यंत माझा सदरा घामानं भिजला होता. सकाळची शाळा असली आणि फोन उशिरा आला, तर प्रार्थनेच्या रांगेतून बाजूला होऊन मी तो घ्यायचो. हेडमास्तर काही म्हणत नसत, त्यांना माहीत होतं.

गेले बारा दिवस निरोप रोज येतो. फोन येत नाही.

दहाव्या दिवशी मीच लावला. सूनबाईंनी उचलला. सिस्टर बऱ्या आहेत, म्हणाल्या. जेवतात, खिडकीत बसतात.

"मग फोन नाही आला त्यांचा?" मी विचारलं.

"आता विचारत नाहीत हो," त्या म्हणाल्या. "सकाळी मी सुई घेऊन आले की दंड पुढे करतात." मग म्हणाल्या, "आणि दुपारी कोणीही खोलीत गेलं, की पुन्हा पुढे करतात."